केजव्हील लावले म्हणून वॉरंटी बुडते का?

नवा ट्रॅक्टर दारात आला की आपण त्याला आपल्या शेताच्या सोयीचा करून घेतो. भंडारा-गोंदियाकडे चिखलणीसाठी लोखंडी केजव्हील चढते. त्यात वावगे काही नाही. अडचण येते ती बिघाड झाल्यावर.

एका धान उत्पादकाची हकीकत सांगतो. ऐन रोवणीत त्याचा आठ महिन्यांचा ट्रॅक्टर बंद पडला. डिझेल पंप गळत होता. विक्रेत्याने केजव्हील पाहिले आणि तोंडीच सांगून टाकले, "भाऊ, वॉरंटी गेली." इकडे पऱ्हे पिवळे पडू लागलेले. गडी उसने पैसे घेऊन निघालाच होता. मी म्हटले, थांबा. केजव्हीलमुळे पंप कसा बिघडला, एवढे लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीचा इंजिनिअर पाहायला आला. पंपाचे सील शाबूत होते. पंप फुकट बदलून मिळाला. मागच्या ॲक्सलचे ऑइल सीलही गेले होते, त्याचे पैसे मात्र त्यालाच भरावे लागले. ते मला रास्तच वाटले. लोखंडी चाकाचा ताण आणि चिखल तिथेच बसतो.

तेव्हा वॉरंटीचे पुस्तक आधी वाचून घ्या. कोणता बदल चालत नाही ते त्यात छापलेले असते. गावातला मिस्त्री "डिझेल वाढवून देतो, ओढ वाढेल" म्हणाला तर त्याला पंपाच्या सीलला हात लावू देऊ नका. सील तुटले आणि पुढे पिस्टन गेला, तर तुमची बाजू लंगडी पडते. लावलेली जोड काढून लपवूही नका. बोल्टच्या खुणा सर्व सांगतात. जॉबकार्डावर तक्रार, तारीख आणि मीटरचे तास लिहून घ्या. कोऱ्या कार्डावर सही करू नका. सर्व्हिसची बिले जपून ठेवा.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर 1915 या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला ट्रॅक्टर घेणारा शेतकरी हा ग्राहकच असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. ट्रॅक्टर पाच ते दहा लाखांचा असेल तर फी फक्त 200 रुपये लागते.