बघणारं कुणीतरी हवं

शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्याला मुंबईची बोट लागली, की दोन तऱ्हेची मुलं एकाच वेळी दिसतात. एक, बोटीतून उतरणारी, दोन दिवस बंगल्यावर राहायला आलेली. दुसरी गावातली, धक्क्याजवळ आईच्या टपरीमागे नाहीतर रिक्षांच्या रांगेपाशी खेळणारी. पहिल्यांचे आईवडील, मूल जरा मातीत खेळावं म्हणून पैसे मोजून इकडे येतात. दुसऱ्यांचे आईवडील, मूल मातीतून बाहेर पडावं म्हणून पैसे मोजून त्याला तीन वर्षांचं होताच नर्सरीत घालतात. तिथे चौकटीच्या वहीत त्याला एबीसीडी गिरवावी लागते. पेन्सिल धरायला बोटं अजून तयार नसतात, पण गृहपाठ असतो.

गावातल्या आईबापांच्या या घाईला कुणी हसू नये. बँकेच्या नोकरीत मुलांच्या फीसाठी गळ्यातलं सोनं गहाण ठेवायला आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. मासेमारीचा भरवसा उरलेला नाही, जमिनी विकल्या गेल्या, आणि बंगल्याचा माळी किंवा राखणदार होण्यापलीकडे मुलानं काही करावं ही इच्छा रास्तच आहे. अशा आईला ‘मुलाला मोकळं सोडा, त्याचं त्याला शिकू द्या’ असं सांगितलं, तर ती म्हणेल, ‘तुमचं काय जातंय सांगायला?’ तिच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय बालकेंद्री शिक्षणाच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

उत्तराची सुरुवात जवळच सापडते. मांडव्याहून किहीमकडे जाताना सासवणे लागतं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मध्ये याच गावात जन्मले. त्यांच्या घरात आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. या मुलानं गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं, आणि त्यांनी त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला धाडलं. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा याच करमरकरांनी घडवला.

ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पण ती दैवाचीही गोष्ट आहे. साहेब त्या देवळाकडे फिरकला नसता तर? भिंत खराब केली म्हणून कुणी पोराच्या पाठीत धपाटा घालून प्रकरण मिटवलं असतं तर? मूल आपल्या ओढीनं शिकत होतंच. त्याच्याकडे नीट बघणारा कुणी भेटला, हा योगायोग. किनाऱ्यावरच्या गावागावांत असा योगायोग न घडलेली किती मुलं होऊन गेली, त्यांची नोंद कुठल्याच संग्रहालयात नाही.

मुलाकडे बघणारं कुणीतरी असणं हे नशिबावर सोडू नये, त्याची व्यवस्था करावी, हाच बालशिक्षणाच्या चळवळीचा गाभा. रोममध्ये डॉक्टर मारिया माँटेसरींनी १९०७ साली पहिलं बालगृह काढलं ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. आज महागड्या शाळांच्या पाट्यांवर त्यांचं नाव झळकतं, तेव्हा हे आठवायला हवं. मुलं काय उचलतात, कशात रमतात, हे त्यांनी डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं आणि त्यावरून साधनं बनवली. लाकडी ठोकळ्यात लहानमोठ्या खाचा आणि त्यांत बसणारे दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, की शेवटचा कुठेच बसत नाही. ‘चुकलास’ असं सांगायला बाई लागत नाहीत, मूल आपणच पुन्हा सुरुवात करतं.

हा विचार गुजरातेत रुजवला तो गिजुभाई बधेकांनी. वकिली सोडून १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई म्हणत. तिथेच १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं. पण ताराबाईंना एक गोष्ट सलत राहिली. हे शिक्षण मिळत होतं ते शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांना. खेड्यातल्या मुलाचं काय?

मुंबई मागे टाकून याच किनाऱ्यानं उत्तरेला गेलं, की गुजरातच्या हद्दीजवळ बोर्डी लागतं. १९४५ मध्ये ताराबाई तिथे गेल्या तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. त्यांना तिथे साथ मिळाली ती अनुताई वाघांची. लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या.

बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. आईबाप कामावर, कडेवर धाकटं भावंडं, अंगावर धड कपडे नाहीत. तेव्हा दोघींनी हिशेब उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं. वस्तीतल्या अंगणातच, झाडाखाली बालवाडी भरू लागली. आधी तोंड धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची विकतची साधनं परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या ही साधनं झाली. मोजायला, जुळवायला, लहानमोठं लावायला आणखी काय लागतं? आज देशभर ज्या ‘अंगणवाडी’त मुलं जातात, तो शब्द आणि ती कल्पना या अंगणांतली आहे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवलं, की थोरलं शिकायला मोकळं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. एकीला पद्मभूषण, दुसरीला पद्मश्री मिळाली. पण खरा मान असा, की १९७५ मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळालं.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. बोर्डीच्या अंगणात शिस्त होती. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, दुसऱ्याचं काम हिसकावायचं नाही. निवड मुलाची आणि मांडणी मोठ्यांची, असा तो व्यवहार होता. आपल्याकडे बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला आजी बसते, तेव्हा शेजारी नातवंडही बसतं. साल चिमटीत धरून वाल अलगद बाहेर काढायचा, तो मोडायचा नाही, सालं एकीकडे, डाळिंब्या दुसरीकडे. ज्या बोटांना उद्या पेन्सिल धरायची आहे, त्यांची याहून चांगली तयारी कुठली वही करून घेईल? ‘माझ्या किती झाल्या?’ असं मूल विचारतं तिथे गणित सुरू होतं. आजी मध्येच ‘आण इकडे, तुला जमत नाही’ म्हणाली, की ते संपतं.

इंग्रजीचंही तसंच. इंग्रजी यावं, जरूर यावं. पण ज्या मुलाला घरात बोटीचे, जाळ्यांचे, माशांचे, वाऱ्याचे शेकडो शब्द येतात, त्याला वर्गात ‘नीट बोल’ म्हणून गप्प केलं, तर ते कुठल्याच भाषेत बोलायला धजत नाही. आगरी-कोळी घरातली बोली ही त्या मुलाची पहिली पुंजी आहे. दुसरी भाषा तिच्यावरच उभी राहते.

कागदावर आज हे सगळं मान्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला, खेळातून शिक्षणावर आणि मातृभाषेवर भर दिला. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा वर्षांपासून सुरू होते. त्याआधीची वर्षं अंगणवाडीसेविकेच्या आणि नर्सरीच्या बाजारपेठेच्या हवाली. सेविकेकडे पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदी आणि वर मुलं. मुलाकडे बघायला तिला वेळ कधी मिळणार? तिला मानधन देताना आपण हात आखडता घेतो, आणि मग पाटी इंग्रजीत आहे एवढ्यावर नर्सरीला भरवशाची मानतो.

तेव्हा आईबापांनी फी भरण्याआधी अर्धा तास वर्गात बसायला मागावं. मुलं हातांनी काय करतात, आपसात बोलतात का, एखादं मूल एकटंच काही करत असेल तर बाई त्याला करू देतात का, एवढं बघावं. अंगणवाडीतही असंच जाऊन बसावं. तिथे खेळणी नसतील तर गावानं सुपाऱ्या, करवंट्या, सुरूची बोंडं, शिंपले गोळा करून द्यावेत. मांडव्याच्या किनाऱ्यावर त्यांना तोटा नाही. आणि सेविकेच्या डोक्यावरचं नोंदींचं ओझं कमी करा, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. तो मांडायला पैसे पडत नाहीत.