समासातले कॉलेज

गुढीपाडवा झाला की जुने पंचांग घरात कोणालाच नको असते. नव्याची पूजा होते, वर्षफल वाचले जाते, आणि आदल्या वर्षीचे माळ्यावर जाते. कल्याणपासून आंबिवली-टिटवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकाही उघडतात. खरेदीखत, फेरफार, सातबारा तेवढे बाजूला काढून ठेवतात. पंचांगांचा गठ्ठा मात्र न उघडताच रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो. इंग्रजी अमदानीतल्या कॉलेजशिक्षणाचा इतिहास लिहायचा असेल, तर याच गठ्ठ्याकडे, म्हणजे पंचांगांच्या समासातल्या नोंदी, घरखर्चाच्या वह्या आणि पत्रांकडे, विद्यापीठाच्या छापील कॅलेंडरइतक्याच गंभीरपणे पाहिले पाहिजे, असे मला वाटते. काही बाबतींत तर जास्तच.

कॅलेंडरची योग्यता कमी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याच्या वार्षिक कॅलेंडरांमध्ये नियम, अभ्यासक्रम, पदवीधरांच्या याद्या असे सगळे शिस्तीत छापले गेले. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे होते, हे अशा नोंदींमुळेच वादातीत राहिले. पण मराठेशाहीची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिला म्हणून प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली, ही हकीकत आपल्याला चरित्रकारांमुळे कळते. रानडे मोठे झाले म्हणून त्यांना चरित्रकार मिळाले. जो मुलगा फी भरता आली नाही म्हणून मधूनच परत आला, त्याच्या पदरी ना कॅलेंडर आले ना चरित्रकार. त्याची नोंद कुठे झालीच असेल, तर घरात.

आणि घरातली हाताशी असणारी वही म्हणजे पंचांग. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले, तोपर्यंत ते जोशीबुवांच्या हस्तलिखितात असे. छपाईनंतर ते विकत घेता येऊ लागले. पंधरवड्याचे एक पान, त्यात तिथी, वार, नक्षत्र, योग, करण आणि कडेला थोडी मोकळी जागा. दिवस आधीच छापलेला असल्यामुळे लिहिणाऱ्याला फक्त घटना टिपायची. मूल जन्मले की पत्रिकेसाठी घटी-पळे लागत, म्हणून ती लगेच त्या दिवसासमोर लिहायची सवय होतीच. एक घटी चोवीस मिनिटांची, एका दिवसाच्या साठ. त्याच जागी म्हैस व्याली, पाऊस लागला, अमक्याला पैसे दिले, हेही येई. ही सवय अजून मोडलेली नाही. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयाच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहिणारी घरे आजही सापडतील.

बाहेरच्या जगात अशा कागदांची किंमत केव्हाच ओळखली गेली. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात असताना हार्वर्ड कॉलेजात गणित आणि निसर्गविज्ञान शिकवणारे जॉन विंथ्रॉप छापील पंचांगांत हाताने नोंदी करीत. ती पंचांगे हार्वर्डच्या अभिलेखागारात जपली आहेत आणि अभ्यासक ती वापरतात. जॉर्ज वॉशिंग्टनने तर पंचांगात कोरी पाने घालून त्यावरच आपली दैनंदिनी लिहिली. आपल्याकडे विंथ्रॉपच्या जातीचा माणूस शोधायचा तर केरो लक्ष्मण छत्रे आठवतात. कुलाब्याच्या वेधशाळेत तयार झालेले आणि डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवलेले छत्रे नुसते पंचांग पाहणारे नव्हते, ते बदलणारे होते. १५२० सालच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून केलेले गणित आकाशाशी जुळेनासे झाले होते, म्हणून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, पटवर्धनी पंचांग काढले. कॉलेजातली दुर्बीण आणि माजघरातले पंचांग यांचा संबंध इतका जवळचा होता. याला एक व्यावहारिक बाजूही आहे. दोन पंचांगांत अधिक महिना वेगवेगळा येऊ शकतो, त्यामुळे जुनी नोंद वाचताना ती कोणत्या पंचांगात आहे, हे आधी पाहावे लागते.

त्याच शके १७८७ चे तीन-चार दिवस उलटले असतील, तेव्हा, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली. लग्नानंतरच्या आनंदीबाई जोशी. कल्याण परिसरातल्या माणसाच्या कॉलेजजीवनाचे सर्वांत ठळक हस्तलिखित याच बाईंचे आहे, आणि ते फिलाडेल्फियात आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून २८ जून १८८३ ला त्यांनी लिहिलेला अर्ज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात त्या आपल्या तयारीतली उणीव झाकत नाहीत. प्रवेशाच्या साऱ्या अटींत आपण बसणार नाही हे सांगून, स्नेह्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून आलेल्या आपल्या निश्चयाचा विचार व्हावा, असे मागणे मांडतात. नियमपुस्तकात अट कळते. ती अट एका अठरा वर्षांच्या मुलीच्या छातीवर कशी बसली होती, ते या पानांवर कळते. पुढची त्यांची पत्रे तिथली थंडी, शाकाहार सांभाळताना होणारी ओढाताण, लुगड्याचा प्रश्न असे तपशील देतात, आणि कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेले चरित्र अशा पत्रव्यवहारावरच उभे राहिले.

आता दोन कालगणना शेजारी ठेवून पाहू. कॉलेजच्या दप्तरात पदवीदान ११ मार्च १८८६ चे, मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ चा. वाचणारा म्हणतो, वर्षही पुरे झाले नाही. पंचांगात पाहिले तर पदवी शके १८०७ च्या फाल्गुन शुद्ध पक्षातल्या गुरुवारी, आणि मृत्यू शके १८०८ च्या फाल्गुन शुद्ध पक्षातल्या शनिवारी. म्हणजे घरच्या हिशेबाने तोच महिना, तोच पंधरवडा फिरून आला होता. माहेरी-सासरी वर्षे तिथीने मोजली जात, श्राद्धही तिथीनेच. त्या घरांना ही दोन पाने कशी दिसली असतील, याचा अंदाज इंग्रजी तारखांवरून कधीच येणार नाही. कॉलेजात शिकणारे प्रत्येक मूल अशा दोन कालगणनांत जगत होते. टर्म इंग्रजी महिन्यांची, सुटीत घरी आल्यावर चतुर्थी-एकादशी. त्या दोन्हींची गाठ पडते ती समासात.

यावर पहिला आक्षेप विश्वासाचा. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, मागाहून घुसडले नाही कशावरून? आक्षेप रास्त आहे, पण त्याची परीक्षा पंचांगच करून देते. नोंदीत तिथी, वार आणि इंग्रजी तारीख एकत्र आली असेल, तर तिन्ही एकमेकींशी जुळाव्या लागतात. क्षयतिथी, वृद्धितिथी सांभाळून वर्षांनंतर खोटी नोंद बेमालूम बसवणे सोपे नाही. त्यातून हस्ताक्षर, शाई आणि मोडीचे वळण आहेच. महाराष्ट्राने अशा साधनावर केवढा भार टाकला आहे, हेही विसरू नये. शिवजन्माची तारीख पूर्वी वैशाख शुद्ध २, शके १५४९ अशी धरली जाई. कारीच्या जेधे घराण्यातली शकावली, म्हणजे वर्षवार टिपणेच ती, टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यातल्या फाल्गुन वद्य ३, शके १५५१ या नोंदीमुळे सारा वाद नव्याने उभा राहिला. पुढे ‘शिवभारत’ आणि जोधपूरला मिळालेली पत्रिका तिच्या बाजूने आली. एका घराच्या कागदाने एवढे केले; अर्थात दुसऱ्या साधनांचा आधार मिळाल्यावरच, आणि कॉलेजच्या नोंदींनाही तीच कसोटी लावावी.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. पंचांग विकत घेऊन त्यात लिहिणारी घरे कोणाची? बहुतेक ब्राह्मण, प्रभू, सारस्वत, काही व्यापारी. आंबिवली, मोहोने, अटाळीच्या आगरी-कोळी घरांत मुहूर्त जोशाला विचारला जाई; तिथे समास नाही, म्हणून नोंदही नाही. हे नाकारता येत नाही. समासातले कॉलेज हे मूठभरांचे कॉलेज आहे. परंतु कॅलेंडरातले कॉलेजही त्याच मूठभरांचे होते, आणि ते तसे का राहिले याची उत्तरे घरच्या हिशेबात जास्त सापडतील. फीसाठी कर्ज कोणी दिले, कोणाचे दागिने गहाण पडले, बहिणीचे लग्न आधी की भावाची परीक्षा, हे जमाखर्चाच्या ओळींतून निघते. वरच्या जातींच्या शिक्षणामागे सावकार, शेत आणि बायकांचे सोने किती होते, हे ज्याला मोजायचे त्याला गुणवत्ता यादीचा काय उपयोग? ज्या घरांत लिहिलेच गेले नाही, त्यांच्यासाठी शाळांची हजेरीपुस्तके आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी पाहाव्या लागतील; पंचांग ती उणीव भरून काढील असा दावा कोणी करू नये.

क्षुल्लकपणाचा तिसरा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. दुधाचा हिशेब शंभर वर्षांनी किमतींचा इतिहास होतो.

प्रश्न उरतो तो ठेवायचे कुठे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. दोघेही त्या काळाचे सोबती. राज्य अभिलेखागाराचा मुंबईतला कारभार तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच चालतो. घरोघरची पंचांगे या संस्थांनी विकत घ्यावीत असे नाही. नोंदी असलेली पाने छायाचित्रित करून मूळ प्रत घरी परत दिली तरी चालेल. मात्र लिहिलेले पान फाडून वेगळे करू नये. मुखपृष्ठावरचा शक, छापखान्याचे नाव आणि पंचांगाचा प्रकार सोबत नसेल, तर ‘वद्य पंचमी, चिरंजीव मुंबईस परीक्षेस गेले’ ही ओळ कोणत्या वर्षाची, हे ठरवणे अवघड होते. आणि एकाच घरातली ओळीने दहा-पंधरा वर्षांची पंचांगे मिळाली तर ती तशीच एकत्र ठेवावीत, कोरी निघालेलीही. मुलगा कॉलेजात असेपर्यंत भरलेले समास पुढे एकदम मोकळे झाले असतील, तर तेही वाचायचेच आहे.