थेंबाला अटकाव, वाफेला वाट

आषाढात चातुर्मास सुरू होतो आणि साधू-साध्वींचा विहार थांबतो. वर्षाकाळात पावलागणिक जीवोत्पत्ती असते. चार हात भूमी पाहून अनवाणी चालतानाही विराधना टळणे कठीण, म्हणून एका जागी स्थिर राहावे, हा त्यामागील विचार. श्रावकाला मात्र पावसाळ्यातही पेढी उघडावी लागते, बाजारपेठेत जावे लागते, वसुलीसाठी गावोगाव हिंडावे लागते. त्याच्या पायात जोडा असतो. आणि तो जोडा कशाचा आहे हे पाहणे, हा त्याच्यापुरता ईर्यासमितीचाच एक भाग होय.

अनेक जैन घरांत चामड्याचा जोडा वर्ज्य आहे. त्या नियमाचे मोल मात्र पावलांना चुकवावे लागते. रबर, रेक्झिन किंवा प्लास्टिकचा बंद जोडा दिवसभर घातला, की रात्री दुकान वाढवून घरी येईपर्यंत तळपाय ओलसर होऊन पांढरे पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. चामडे सोडले तर घाम सोसला पाहिजे, अशी जणू अटच होऊन बसली आहे. पाणी आत येऊ न देणारा, घाम बाहेर सोडणारा आणि तरीही कोणत्याही प्राण्याच्या कातड्यावाचून बनलेला जोडा शक्य आहे काय? या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि व्यापाऱ्याने ध्यानी घ्यावे असे त्यात पुष्कळ आहे.

चामड्याचा गुण, रबराचा दोष

माणसाच्या दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. घामाला स्वतःचा वास नसतो. तो साचून राहिला, की त्वचेवरील सूक्ष्म जीवाणू त्यावर वाढतात आणि दुर्गंधी येते. ओलाव्यात बुरशीलाही आश्रय मिळतो. म्हणजे जोड्याचे काम दुहेरी आहे. बाहेरचे पाणी अडवायचे आणि आतले पाणी घालवायचे.

चामडे हे दुसरे काम उत्तम करते. ते तंतूंच्या गुंतागुंतीच्या जाळ्याचे असते; त्या तंतूंमधील पोकळ्यांतून वाफ हळूहळू बाहेर जाते आणि काही ओलावा चामडे स्वतः शोषून घेते. पण मुसळधार पावसात तेच चामडे भिजून जड होते. रबराची गोष्ट नेमकी उलट. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा लेप देऊन जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. पुढे १८४४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधकाने रबर पक्के करण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले आणि गमबुटांचा मार्ग मोकळा झाला. गमबुटात बाहेरून थेंबही शिरत नाही, पण आतून वाफही सुटत नाही. पाऊल पावसाने भिजत नाही, ते स्वतःच्याच घामाने भिजते.

कोरफामचा धडा

कातड्यावाचून चामड्याचा गुण मिळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीने केला. १९६३ मध्ये तिने ‘कोरफाम’ नावाचे कृत्रिम चामडे जगापुढे आणले. पॉलिएस्टरच्या तंतूंचा पाया आणि त्यावर पॉलियुरेथेनचा सूक्ष्म छिद्रांचा थर, अशी त्याची रचना होती. ते पाण्याला दाद देत नसे, चमक टिकवी आणि वाफही बाहेर सोडी. कंपनीचे बळ अफाट होते, जाहिरातही जोरदार झाली. तरीही १९७१ मध्ये कंपनीने हा धंदा गुंडाळला. तोट्याचा अंदाज १० कोटी डॉलरचा होता.

कारण साधे होते. चामड्याचा नवा जोडा चार दिवस चावतो, मग पावलाच्या आकाराचा होतो. कोरफाम तसे सैल होत नसे. रोज सकाळी तो जोडा पुन्हा नवाच होऊन बसे. दुसरीकडे स्वस्त व्हिनाइलचे जोडे बाजारात आले आणि चामड्याच्या व्यापाऱ्यांनीही आपला माल सुधारला. प्रयोगशाळेत जिंकलेला माल गिऱ्हाइकाच्या पायात हरला. याच काळात जपानमधील कुरारे कंपनीने ‘क्लारिनो’ नावाचे असेच कृत्रिम चामडे काढले. ते आजही टिकून आहे. जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. कल्पना चुकीची नव्हती, हे त्यावरून दिसते.

तळघरातील पेढी

याच ड्यूपाँ कंपनीत बिल गोर नावाचे अभियंते नोकरीला होते. कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये एका वायूच्या सिलिंडरमध्ये योगायोगाने एक पांढरा, मेणचट पदार्थ सापडला होता. तोच पुढे ‘टेफ्लॉन’ या नावाने घरोघरी पोहोचला. या पदार्थाचे आणखी पुष्कळ उपयोग होतील, असे बिल गोर यांना वाटत होते. १९५८ मध्ये त्यांनी नोकरी सोडून पत्नी जेनेव्हीव्ह यांच्यासह डेलावेअर राज्यातील न्यूआर्क येथे घराच्या तळघरात स्वतःचा उद्योग मांडला. सुरुवात विजेच्या तारांवरील आवरणाने झाली. त्या आवरणाची युक्ती त्यांचा मुलगा बॉब याने सुचवली होती.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये बॉब गोर याच पदार्थाच्या तापवलेल्या कांबी ताणून पाहत होते. हळूहळू ताणले की कांब तुटे. अनेक प्रयत्न फसल्यावर त्यांनी वैतागून एक कांब जोराने झटक्यासरशी ओढली. ती तुटली नाही. कित्येक पटींनी लांब झाली आणि जाडीत जवळजवळ तशीच राहिली. आतील सुमारे ७० टक्के जागा आता हवेने व्यापली होती. घट्ट पदार्थाचे सूक्ष्म तंतूंचे जाळे झाले होते. ‘गोर-टेक्स’ हे पटल त्यातून जन्मले आणि १९७६ पासून विक्रीस आले.

कंपनीच्या सांगण्यानुसार या पटलाच्या एका चौरस इंचात ९०० कोटी छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र पाण्याच्या थेंबाहून सुमारे वीस हजार पट लहान, तर वाफेच्या रेणूहून सुमारे सातशे पट मोठे असते. शिवाय हा पदार्थ पाण्याला चिकटू देत नाही, त्यामुळे थेंब छिद्राच्या तोंडाशी अडून राहतो. वाफेचे रेणू मात्र सुटे असतात. ते सहज निघून जातात. पाणी तेच, पण रूप वेगळे. या एका भेदावर सारी रचना उभी आहे.

सुईचे भोक आणि बुडालेला तळ

अंगरख्यात बसलेले पटल जोड्यात बसवणे सोपे नव्हते. जोडा अनेक तुकडे शिवून होतो आणि सुईचे एकेक भोक पटलाच्या छिद्राच्या हजारो पट मोठे असते. यावर उपाय म्हणून पटलाचा मोजा करून, त्याच्या शिवणींवर पट्टी चिकटवून, तो जोड्याच्या आत अस्तरासारखा बसवतात. अमेरिकेतील डॅनर कंपनीने १९७९ मध्ये गोर-टेक्सचे असे अस्तर असलेले बूट प्रथम आणले.

तळाचा प्रश्न राहिलाच होता. तळाला रबर हवे, आणि रबरातून वाफ जात नाही. याचे उत्तर एका परक्या धंद्यातील माणसाने शोधले. इटलीतील मारिओ मोरेत्ती पोलेगातो यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय द्राक्षमळ्यांचा आणि मद्यनिर्मितीचा. त्याच व्यवसायानिमित्त ते अमेरिकेतील नेवाडा राज्यात रेनो येथे गेले होते. कडक उन्हात फिरताना रबरी तळामुळे पाय भाजून निघाले, तेव्हा त्यांनी खिशातील चाकूने तळाला भोके पाडली. पायांना आराम मिळाला. पण पाऊस आला तर काय, हा प्रश्न उभा राहिला. मायदेशी परतल्यावर त्यांनी सच्छिद्र तळ आणि पाय यांच्यामध्ये सूक्ष्मछिद्री पटल बसवण्याची रचना तयार करून तिचे पेटंट घेतले.

ही कल्पना त्यांनी नामांकित जोडे-कंपन्यांना देऊ केली. कोणी घेतली नाही. अखेर १९९५ मध्ये मोंतेबेल्लुना या गिर्यारोहणाच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी मोजक्या माणसांनिशी त्यांनी ‘जिऑक्स’ ही कंपनी काढली. सुरुवात मुलांच्या जोड्यांनी केली. २००४ मध्ये ती मिलानच्या शेअर बाजारात नोंदली गेली. मोठ्यांनी नाकारलेली वस्तू स्वतःच्या भांडवलावर उभी करण्याचे हे धाडस कोणत्याही व्यापारी घराण्याला ओळखीचे वाटेल.

येथे एक सावधगिरी हवी. या दोन्ही कंपन्यांचे अनेक जोडे वरून चामड्याचेच असतात. ‘श्वास घेणारे पटल’ असे लिहिले म्हणजे जोडा अहिंसक झाला, असे नव्हे.

पटल दोषरहित आहे काय?

वाफ आपोआप बाहेर पडत नाही. आत उष्ण आणि दमट, बाहेर थंड आणि कोरडे, असा फरक असला तरच तिला गती येते. युरोपातील गार हवेत हे पटल उत्तम चालते. कोकणातील किंवा मुंबईतील श्रावणात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेथे त्याचा वेग मंदावतो. दुसरे असे, की गुडघाभर पाण्यात घोट्यापर्यंतच्या जोड्याचा उपयोग नाही. पाणी वरून आत शिरते आणि तेच पटल त्याला बाहेर जाऊ देत नाही. रस्त्यावर पाणी साचते अशा दिवशी मोकळे, पाणी निथळू देणारे सँडलच बरे. पटलाचा जोडा रिमझिम पावसासाठी, प्रवासासाठी आणि घाटमाथ्यावरील यात्रेसाठी योग्य.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ तयार करताना पूर्वी पीएफओए हे रसायन वापरले जाई. ते निसर्गात विघटित होत नाही. पाण्यात, जनावरांत आणि माणसाच्या रक्तात साठून राहते. अमेरिकेतील पार्कर्सबर्ग गावाजवळ असा कारखाना होता. त्या कारखान्याचा कचरा जेथे टाकला जाई, त्या परिसरातील एका शेतकऱ्याची गुरे एकामागून एक मरू लागली. तो न्यायालयात गेला आणि त्यातून मोठे खटले उभे राहिले. त्यानंतर नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने या रसायनाचा मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी संभाव्य संबंध असल्याचे नमूद केले. २०१९ मध्ये स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय करारान्वये पीएफओएवर जागतिक बंदीचा निर्णय झाला.

गाईच्या कातड्यापासून दूर राहावे म्हणून निवडलेल्या वस्तूमागे दूरच्या शिवारातील गुरे मरत असतील, तर हिशेब पुन्हा तपासावा लागतो. हिंसा दिसेल तेथेच असते असे नाही. वस्तूच्या उगमापर्यंत जाऊन पाहणे हीच यतना. समाधानाची बाब अशी, की पर्याय उपलब्ध आहेत. जर्मनीत १९८६ पासून ‘सिम्पाटेक्स’ हे पॉलिएस्टर जातीचे, छिद्रांशिवायचे पटल मिळते. त्यात ओलावा रेणूरेणूने पटलातूनच झिरपत बाहेर जातो आणि फ्लोरिनयुक्त रसायनांची गरज पडत नाही. खुद्द गोर कंपनीनेही २०२२ पासून पॉलिएथिलीनचे नवे पटल बाजारात आणले आहे.

खरेदी करताना

युरोपात विकल्या जाणाऱ्या जोड्यांवर १९९४ च्या निर्देशानुसार चिन्हे छापलेली असतात. आयात मालावर ती आपल्याकडेही दिसतात. पसरलेल्या कातड्याचे चित्र म्हणजे चामडे. त्याच चित्रात लहान चौकट म्हणजे लेप दिलेले चामडे. विणलेली जाळी म्हणजे कापड. आणि नुसता तिरपा चौकोन म्हणजे अन्य पदार्थ. वरचा भाग, अस्तर आणि तळ या तिन्हींपुढे ही चिन्हे वेगवेगळी असतात, म्हणून तिन्ही पाहावीत. वरून कापड आणि आतून चामड्याचे अस्तर, असा माल पुष्कळ असतो. डिंकाची माहिती या चिन्हांत नसते. काही डिंक प्राणिजन्य असतात, त्यामुळे तेवढे विक्रेत्याला वेगळे विचारावे. पटलात आणि वरच्या जलरोधक लेपात फ्लोरिनयुक्त रसायने नाहीत ना, हेही विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले, की व्यापारी माल बदलतो; हे व्यापारी समाजाला कोणी सांगायला नको.

घरी आणल्यावर पथ्ये सोपी आहेत. एकच जोडा रोज न घालता दोन जोड आलटून पालटून वापरावेत. ओला जोडा उन्हात किंवा शेगडीजवळ न ठेवता, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. मोजे पातळ आणि लवकर सुकणारे असावेत. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि पटलाचे काम वाया जाते. चिखल साचला की वाफेची वाट बुजते, म्हणून जोडा वरचेवर पुसावा.

मंदिराच्या पायरीशी कोणताही जोडा उतरवावाच लागतो. पण त्या पायरीपर्यंत श्रावकाला जो नेतो, तो कोणाच्या कातड्याचा नसावा, कोणाच्या विहिरीत विष कालवून बनलेला नसावा आणि घालणाऱ्याच्या पावलालाही पीडा देणारा नसावा. अशी वस्तू आता दुर्मीळ राहिलेली नाही. ती ओळखण्याइतका विवेक मात्र घेणाऱ्याने बाळगायला हवा.