किती मेगापिक्सेलचा आहे जी?

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की वर्ध्यात काय, आर्वीत काय, हिंगणघाटात काय, पहिला प्रश्न एकच : "किती मेगापिक्सेलचा आहे जी?" दुकानदार तोच आकडा पुढे करतो आणि खोक्यावरही तोच सगळ्यांत ठळक छापलेला असतो. पुढचा हिशेब मग आपोआप होतो. खिशात मावणारा छोटा कॅमेरा २० मेगापिक्सेलचा, कॅननचा नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर ३०००डी १८चा. म्हणजे छोटा स्वस्तही आणि चांगलाही. डीएसएलआरला जास्तीचे पैसे देणारे नुसते मिरवायला देतात! हे साफ चुकीचं आहे. आणि त्याचा उलटा भाग, म्हणजे डीएसएलआर घेतला की फोटो आपोआप झकास येतात, हाही तितकाच चुकीचा आहे.

कॅननचेच दोन कॅमेरे शेजारी ठेवू. इक्सस १८५ हा २० मेगापिक्सेलचा खिशातला कॅमेरा, बाजारात होता तेव्हा दहा हजारांच्या आत मिळणारा. दुसरा ईओएस-१डी एक्स मार्क ३. तो २०२० साली आला, क्रिकेटचे सामने आणि ऑलिंपिक टिपणाऱ्या छायाचित्रकारांसाठी. किंमत पाच लाखांच्या वर, तीही लेन्सशिवाय. मेगापिक्सेल किती? २०.१. फोटोची प्रत मेगापिक्सेलवर ठरत असती, तर वरचे लाखो रुपये कशाचे, हा प्रश्न विचारणाऱ्याला एकदा तरी पडायला हवा.

बराचसा पैसा जातो सेन्सरच्या आकारात. लेन्समधून आलेला उजेड ज्या चौकोनी चिपवर पडतो तो सेन्सर. इक्ससचा सेन्सर खोक्यावर १/२.३ असा लिहिलेला असतो. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर भरतो, तुरीच्या दाण्याएवढा. कॅननच्या १५००डीसारख्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा. गुणाकार केला तर एकाचं क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचं ३३२. जवळजवळ बारापट. त्या एवढ्याशा दाण्यावर २ कोटी ठिपके (तेच ते २० मेगापिक्सेल) बसवायचे म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला डीएसएलआरच्या ठिपक्याच्या जेमतेम दहावा हिस्सा जागा येते. जागा कमी म्हणजे उजेड कमी, आणि उजेड कमी म्हणजे कॅमेऱ्याला तो क्षीण संकेत फुगवून घ्यावा लागतो. त्याबरोबर संकेतातला गोंगाट, म्हणजे फोटोतले रंगीत दाणेही फुगतात. ते झाकायला कॅमेरा फोटो गुळगुळीत करतो, आणि त्या नादात साडीच्या काठाची वीण, आजीच्या चेहऱ्यावरच्या रेघा, डोळ्यांच्या पापण्या पुसून टाकतो. तुमच्याकडे छोटा कॅमेरा असेल तर संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली काढलेला एखादा फोटो उघडा आणि चेहरा मोठा करून बघा. सगळं तिथेच दिसेल.

हे कंपन्यांना माहीत नाही असं समजू नका. २००८ साली कॅननने पॉवरशॉट जी१० काढला, १४.७ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी जी११ आला. सेन्सर त्याच आकाराचा, पण मेगापिक्सेल घटवून १० केले, कमी उजेडात फोटो नीट यावेत म्हणून. कंपनीने स्वतः आकडा खाली आणला, आणि आपण अजून तो वर चढलाय का तेवढंच बघतोय! १०८ मेगापिक्सेलच्या मोबाईलची गोष्टही अशीच. सॅमसंगचा एस२० अल्ट्रा नऊ-नऊ ठिपके एकत्र करून नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच देतो. १०८चा पर्याय असतो, पण फोन आपणहून तो वापरत नाही.

शिवाय इतके मेगापिक्सेल लागतात कुणाला? अल्बमातला ४ × ६ इंची फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापला, तर १२०० × १८०० ठिपके पुरतात. म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. ८ × १२ इंची, भिंतीवर फ्रेम करून लावायचा फोटो घ्या. नऊच्या आत काम होतं. मोठा ४के टीव्ही? ८.३. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तर वाटेतच आक्रसून दोन-एक मेगापिक्सेलचा होतो. आणि १२चे २४ झाले म्हणजे तपशील दुप्पट झाला असंही नाही. लांबी-रुंदीला ठिपके जेमतेम ४१ टक्क्यांनी वाढतात.

सेन्सरइतकीच मोलाची दुसरी गोष्ट लेन्सच्या कडेवर बारीक अक्षरांत लिहिलेली असते, आणि ती कुणी वाचत नाही. इक्सस १८५वर आहे ५.०-४०.० मिमी, १:३.२-६.९. पहिली जोडी झूमची. दुसरी जोडी लेन्सचं तोंड किती उघडतं त्याची : आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. झूम आखडलेला असताना ३.२, पूर्ण ताणला की ६.९, म्हणजे आत येणारा उजेड साडेचार पटीहून जास्त घटतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून झूम ताणून पोरीचा नाच टिपणाऱ्या बापाला हात हललेले, धुरकट फोटो मिळतात त्याचं कारण हे आहे. शिवाय इतक्या बारीक तोंडातून आलेला उजेड पसरतो. ६.९ला एका बिंदूचा पसारा साधारण ९ मायक्रॉन होतो, आणि या कॅमेऱ्याचा एक ठिपका आहे १.२ मायक्रॉनचा. एक बिंदू सात-आठ ठिपक्यांच्या रुंदीवर सांडतो. तिथे मेगापिक्सेल २० असोत की ४०, फोटोत उतरणारा तपशील तेवढाच.

आता सेवाग्रामातलं एक उदाहरण घेऊ, कारण या विषयावर याहून चांगलं मला माहीत नाही. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. आश्रमात कनू गांधी होते, गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास यांचे चिरंजीव, वयाने विशीतले. त्यांना फोटो काढायचे होते. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींच्या अटी तीन : फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. दिल्लीच्या नझर फाउंडेशनने कनूंच्या छायाचित्रांचं पुस्तक काढलंय, त्यात ही हकीकत आहे.

त्या कॅमेऱ्यात काय होतं ते बघा. झूम नाही. एका रोलवर १२ फोटो, संपले की नवा रोल. फिल्म आजच्या मानाने मंद. पण निगेटिव्ह ६ सेंटिमीटर चौरस! इक्ससच्या सेन्सरच्या शंभरपटीहून मोठी. बापू कुटीत गेलेल्यांना माहीत आहे, मातीच्या भिंती, खाली उतरलेलं छप्पर, उजेड येईल तेवढा दारा-खिडकीतून. फ्लॅशला बंदी. मग उजेडाच्या बाजूला जायचं, झूम नाही म्हणून चालत जवळ जायचं, आणि बाराच फोटो आहेत म्हणून क्षणाची वाट बघायची. असं त्यांनी १९३८ ते १९४८ केलं, आणि त्या मोठ्या निगेटिव्हवरून आजही भिंतभर छपाई होते. सेवाग्रामच्या आवारात उभं राहून "किती मेगापिक्सेल?" असं विचारलेलं ऐकलं की मला चिडायला होतं ते यामुळे.

न्यायाची गोष्ट ही की भर उन्हात इक्सस आणि डीएसएलआर या दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच फोटो काढला आणि ४ × ६वर छापला, तर बहुतेकांना फरक ओळखू येणार नाही. विश्वशांती स्तूपासमोर दुपारी काढलेला घरच्यांचा फोटो, पवनारला धाम नदीच्या काठावरची सहल, गीताई मंदिराचं आवार यांना खिशातला कॅमेरा पुरून उरतो. वजन सव्वाशे ग्रॅम. लेन्ससह डीएसएलआर पाऊण किलोच्या जवळ जातो, आणि मग तो घरीच कपाटात राहतो.

दुसरा मोठा गैरसमज बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर भेटतो : डीएसएलआर लांबचं जवळ आणतो. बोरला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, सेलू तालुक्यातलं हे जंगल घराजवळच, आणि तिकडे जायचं म्हणून कॅमेरा घेणारे पुष्कळ. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात २०१८च्या अखेरीपासून मोबाईल नेऊ देत नाहीत, तेव्हा कॅमेरा लागतोच. पण डीएसएलआरबरोबर खोक्यात १८-५५ची लेन्स येते. वायरीवर बसलेला नीलपंख घ्या, कापसाच्या वावरात नेहमी दिसणारा, चोचीपासून शेपटापर्यंत साधारण २७ सेंटिमीटर. अंतर ३० मीटर. ५५ला चौकट १२ मीटर रुंद होते; पक्षी तिच्या पंचेचाळिसाव्या हिश्शात, नुसता ठिपका. इक्ससचा झूम ताणला तर चौकट साडेचार मीटरची, पक्षी सतराव्या हिश्शात. दिसायला मोठा, पण पिसांचा तपशील त्यातही सापडणार नाही. पिसं हवी असतील तर डीएसएलआरला ५५-२५०ची वेगळी लेन्स लावा; मग पक्षी चौकटीच्या दहाव्या हिश्शाएवढा येतो आणि निळाई नीट उतरते. ते पैसे आधीच धरून ठेवायचे नसतील, तर जंगलासाठी म्हणून डीएसएलआर घेऊ नका.

झूमच्या "एक्स"बद्दलही एवढंच : ८एक्स म्हणजे आठपट जवळ नव्हे, झूमच्या मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागलेलं उत्तर. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते घरी मोबाईलवरही होतं, ती सोय बंदच ठेवा. फ्लॅशने स्टेज उजळत नाही. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पलीकडे पोचत नाही, उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी. छोटा कॅमेरा सरसकट वाईट असंही नाही : सोनीचा आरएक्स१०० २०१२ साली आला तो ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर घेऊन, नेहमीच्या चौपट, आणि किंमतही तशी.

"डीएसएलआर आता मेला" हे मात्र अर्धं खरं आहे. २०२०नंतर कॅनन आणि निकॉनने एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. त्यांचा भर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे रवाना झाले, २०२३ साली सुमारे ७७ लाख. मोबाईलने खाल्ला तो मुख्यतः खिशातला कॅमेरा. पण नवा येत नाही म्हणून हातातला बिघडत नाही, आणि कॅननच्या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्याच नव्या मिररलेसवर चालतात. शिकणाऱ्याला तर जुना डीएसएलआर आज फायद्याचा सौदा आहे.

तेव्हा माझं मत सांगतो. घरातले, देवळातले, लग्नातले, संध्याकाळचे फोटो काढायचे असतील आणि ओझं वागवायची तयारी असेल तर डीएसएलआर घ्या, पण खोक्यातल्या लेन्सवर थांबू नका. ५० मिमी, १.८ ही छोटी, स्वस्तातली लेन्स आणा. १८-५५ पूर्ण ताणल्यावर ५.६ला जेवढा उजेड येतो, त्याच्या नऊ-दहा पट हिच्यातून येतो. बटणं शिकायला वेळ नसेल तर ऑटोवर ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त दिवसाउजेडी सहलीचे फोटो हवे असतील तर आधी तुमचा मोबाईल तपासा. बहुतेक वेळा दहा हजारांचा छोटा कॅमेरा त्याच्यापेक्षा काही जास्त देणार नाही.

जुना डीएसएलआर बघायला जाताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. दुकानातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात फ्लॅश बंद करून दोन-चार फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघा. शटर किती वेळा उघडलंय तो आकडा विचारा; निकॉनने डी३५००चं शटर एक लाख उघडझापींसाठी तपासलेलं आहे, तेव्हा ८० हजार झालेला कॅमेरा मागतील त्या भावात घेऊ नका. लेन्स काढून मागून बॅटरीचा झोत टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सला हमखास धरणारी. दुकानदार ती "पुसून जाते" म्हणेल, पण ती काचेच्या आतल्या बाजूला असते.