नसलेल्या वाऱ्याची शर्यत

मुलांनो, आमच्या हर्सूलच्या तलावात खडा टाकला, की पाण्यावर तरंग उठतात. पाणीच नसेल तर तरंग येणार कुठून? आवाजालाही हवा लागते. मग सूर्याचा प्रकाश मधल्या पोकळीतून येतो, तो कशाच्या आधारानं?

एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांचं उत्तर होतं, ईथर! डोळ्यांना न दिसणारं, पण साऱ्या विश्वात भरलेलं. प्रकाश म्हणजे त्यातल्या लाटा. वीज आणि चुंबक यांचे खेळही त्यातलेच. लॉर्ड केल्व्हिन यांनी तर १८६७ मध्ये सुचवलं, की अणू म्हणजे ईथरमधली धुरासारखी गरगरणारी वलयं! कल्पना चुकीची निघाली, पण आहे की नाही झकास?

आता पृथ्वी सूर्याभोवती धावते सेकंदाला ३० किलोमीटर. ईथर असेल, तर त्याचा वारा आपल्याला लागायला हवा. तो पकडायचा कसा? अल्बर्ट मायकेलसन यांनी आपल्या मुलांना हे नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीवरून समजावलं होतं. आपण पैठणची गोदावरी घेऊ. समजा, दोघं पोहणारे मिनिटाला ५० मीटर पोहतात आणि पाण्याची ओढ आहे मिनिटाला ३० मीटर. एकजण समोरच्या काठाला २०० मीटर जाऊन परत येतो. दुसरा धारेबरोबर २०० मीटर जातो आणि उलटा येतो. दुसऱ्याला लागतात साडेबारा मिनिटं, पहिल्याला दहाच! वहीत करून पाहा. (पहिल्याचं गणित अवघड आहे. पायथागोरस शिकलेल्या ताई-दादांना विचारा.)

१८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला मायकेलसन आणि मोर्ले यांनी पोहणाऱ्यांच्या जागी प्रकाश घेतला. एका किरणाचे दोन भाग करून ते काटकोनात पाठवले, आरशांवरून परत आणून एकत्र केले. हे सगळं एका जाडजूड दगडी फरशीवर मांडलेलं, आणि फरशी चक्क पाऱ्यावर तरंगणारी! म्हणजे हादरे बसत नाहीत आणि ती अलगद फिरते. फरशी फिरवली, की किरणांमधला फरक बदलायला हवा होता. पण अपेक्षेइतका फरक काही दिसेना. शर्यत बरोबरीत!

पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवलं, की ईथर मानायची गरजच नाही.

उपकरण मात्र कामी आलं. त्याच युक्तीच्या, ४ किलोमीटर लांब भुजांच्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत गुरुत्वीय लहरी टिपल्या. हे तरंग खुद्द अवकाशाचेच! तसंच यंत्र आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायचं ठरलं आहे. त्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या लांब भुजेत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला, तरी असं यंत्र तो ओळखतं.