उतरत्या रंगमंचावर पहिला दौरा

बॅले हा युरोपात वाढलेला शास्त्रीय नृत्यप्रकार आहे. तो व्यवसाय म्हणून शिकणारी मुलेमुली लहान वयातच नृत्यशाळेत दाखल होतात आणि अठरा-एकोणीसच्या सुमारास तेथून बाहेर पडतात. या काळातले त्यांचे बहुतेक शिक्षण एकाच प्रकारच्या खोलीत होते. सपाट लाकडी जमीन, तिच्याखाली किंचित दबणारी चौकट, एका भिंतीवर मोठा आरसा, धरायला आडवा दांडा आणि सगळीकडे सारखा उजेड. शेवटच्या एक-दोन वर्षांत त्यांच्यापैकी काहींना पहिल्या दौऱ्यावर जाण्याची संधी मिळते.

इंग्लंडमधील एक उदाहरण घेऊ. इंग्लिश नॅशनल बॅले या संस्थेने २०१२ मध्ये लहान मुलांसाठी ‘माय फर्स्ट बॅले’ ही प्रयोगमालिका सुरू केली. मोठ्या बॅलेचे छोटे रूप, सोबत गोष्ट सांगणारा निवेदक आणि नाचणारे कलाकार म्हणजे इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलचे विद्यार्थी, अशी तिची रचना. लंडनमध्ये प्रयोग झाले की हीच मंडळी इतर गावांच्या नाट्यगृहांत जातात. प्रेक्षागृहातील मुलांचा तो पहिला बॅले असतो आणि रंगमंचावरच्या अनेकांचा तो पहिला दौरा.

दौऱ्यात नृत्य तेच असते, संगीत तेच असते, शरीरही तेच असते. मग शाळेत शंभर वेळा बिनचूक जमलेला तोल नव्या गावात का जातो? आणि अनुभवी शिक्षक अशा दौऱ्यात विद्यार्थ्यांच्या पायांची इतकी काळजी का करतात? नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राने आणि थोड्या शरीरशास्त्राने या प्रश्नांची बरीचशी उत्तरे देता येतात.

तीन अंशांचा उतार

युरोपातील अनेक जुन्या नाट्यगृहांत रंगमंच सपाट नसतो. तो मागच्या पडद्याकडे उंच आणि प्रेक्षकांकडे उतरता असतो. पूर्वी खालचे प्रेक्षागृह जवळजवळ सपाट असे. अशा वेळी मागे उभे असलेले कलाकार दिसावेत म्हणून रंगमंचच तिरपा करत. इंग्रजी नाट्यभाषेत रंगमंचाच्या मागच्या भागाला ‘वरचा’ आणि पुढच्या भागाला ‘खालचा’ म्हणतात, ते यामुळेच. पुढे खुर्च्यांच्या रांगा चढत्या बांधू लागले आणि रंगमंच सपाट झाले. पण जुनी नाट्यगृहे अजून वापरात आहेत. पॅरिसचे १८७५ मध्ये सुरू झालेले गार्निए ऑपेरागृह हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या रंगमंचाचा उतार ५ टक्के आहे, म्हणजे दर मीटरला ५ सेंटिमीटर. कोनात मोजला तर तो ३ अंशांहूनही थोडा कमीच भरतो.

तीन अंश म्हणजे फार नव्हेत, असे वाटेल. आता थोडे गणित करू. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर असतो. शाळेच्या सपाट जमिनीवर जमिनीशी काटकोन करून उभे राहण्याची सवय झालेली मुलगी या उतारावर तशीच उभी राहिली, तर तिचा गुरुत्वमध्य प्रेक्षकांच्या दिशेने ५ सेंटिमीटर पुढे सरकेल. पूर्ण पाऊल टेकलेले असेल तर हे निभावते, कारण पावलाची लांबी २०–२५ सेंटिमीटर असते. तोल राहण्याची अट एवढीच, की गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा पावलाच्या आधारक्षेत्रात पडला पाहिजे.

परंतु बॅलेतील मुली खास बनवलेले कडक टोकाचे बूट घालून पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात. त्या बुटाचे सपाट टोक जेमतेम ३–४ सेंटिमीटर रुंद असते. ओळंबा ५ सेंटिमीटर सरकला, की तो आधाराच्या बाहेर गेलाच. म्हणून या मुलीला घोट्याचा कोन बदलून संपूर्ण शरीर जमिनीच्या मानाने तीन अंश मागे न्यावे लागते. तेही प्रेक्षकांकडे तोंड असताना. ती बाजूला वळली की हाच उतार डाव्या किंवा उजव्या अंगाला येतो, पाठ फिरवली की तो चढ होतो. गोल फेरी घेताना घोट्याला दर पावलाला वेगळी दुरुस्ती करावी लागते.

गार्निए ऑपेरागृहात रंगमंचामागे नर्तकांच्या सरावाचे एक दालन आहे. त्याच्या जमिनीलाही रंगमंचाइतकाच उतार दिलेला आहे. बांधणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक होता. मात्र दौऱ्यावरच्या विद्यार्थ्यांना अशी सोय क्वचितच मिळते. या आठवड्यात सपाट रंगमंच, पुढच्या आठवड्यात उतरता, असेही घडते.

उडी कोठे संपते?

उतारावर उडीचा हिशेबही बदलतो. समजा, एका नर्तकाने आपला गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर वर नेणारी आणि २ मीटर पुढे नेणारी उडी मारली. सपाट जमिनीवर तो ३० सेंटिमीटर खाली येतो. तीच उडी ५ टक्के उतारावर सरळ प्रेक्षकांच्या दिशेने मारली, तर पाय टेकण्याची जागा १० सेंटिमीटर खाली असेल, म्हणजे तो ४० सेंटिमीटर खाली येईल. मागच्या पडद्याकडे मारली तर फक्त २० सेंटिमीटर.

खाली येताना मिळवलेली ऊर्जा गुडघे आणि घोटे वाकवून शोषली जाते. पाय टेकल्यानंतर शरीर आणखी जितके अंतर खाली जाऊन थांबते, त्यावर पायांवरचे सरासरी बल अवलंबून असते. ते शरीराच्या वजनाच्या (१ + पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर) इतके पट भरते. थांबण्याचे अंतर १० सेंटिमीटर धरले, तर सपाट जमिनीवर ४ पट, उताराच्या दिशेने ५ पट आणि चढाच्या दिशेने ३ पट. ही झाली सरासरी. क्षणिक कमाल बल याहून अधिक असते. जमीन स्वतः थोडी दबत असेल, तर थांबण्याचे अंतर वाढते आणि बल घटते. नृत्यशाळेच्या जमिनीखालची दबणारी चौकट याचसाठी असते. काही सभागृहांत मात्र पातळ आवरणाखाली सरळ काँक्रीट असते.

यात वेळेचाही प्रश्न आहे. ३० ऐवजी ४० सेंटिमीटर खाली यायला लागणारा जास्तीचा वेळ सुमारे ०.०४ सेकंद असतो. पाय टेकण्याच्या आधीच मेंदू पायांचे स्नायू आवळून ठेवतो, ही गोष्ट स्नायूंतील विद्युतलहरी मोजून दिसून आलेली आहे. जाणूनबुजून प्रतिक्रिया द्यायला माणसाला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे ‘जमीन अजून आली नाही’ हे कळून काही करायला सवडच नसते. जमीन कोठे असेल याचा अंदाज आधीच बरोबर असावा लागतो, आणि तो अंदाज शाळेच्या खोलीत वर्षानुवर्षे घोटलेला असतो.

घर्षणाचीही अशीच गोष्ट. गिरकीसाठी पायाखाली घर्षण कमी हवे, तर उडी मारताना आणि थांबताना जास्त. फार गुळगुळीत जमिनीवर पाय घसरतो. फार चिकट जमिनीवर पाऊल अडकते, वरचे शरीर फिरत राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून दौऱ्यावरच्या बॅलेसंस्था पुष्कळदा स्वतःच्या विनाइलच्या पट्ट्या गुंडाळून बरोबर नेतात. बुटांना राळ लावण्याची पद्धतही जुनीच आहे.

आरसा नसताना

आपला तोल तीन प्रकारच्या माहितीवर चालतो. डोळ्यांकडून येणारी माहिती पहिली. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे संवेदक डोक्याचे फिरणे व कलणे सांगतात, ही दुसरी. स्नायू, स्नायुबंध आणि तळपायाची त्वचा यांतील संवेदक कोणता सांधा किती वाकला आहे ते सांगतात, ही तिसरी. मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो.

शाळेत समोर आरसा असल्याने डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची सवय लागू शकते. रंगमंचावर समोर काळोख असतो आणि बाजूंनी प्रखर दिवे डोळ्यांवर येतात. क्षितिजरेषा म्हणून धरावे असे काहीच दिसत नाही. गिरक्यांची अडचण सर्वांत मोठी. गिरकी घेताना नर्तक एका बिंदूवर नजर खिळवतो. धड फिरत असताना डोके शक्य तेवढे मागे ठेवतो आणि मग झटक्याने फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणतो. ‘स्वान लेक’च्या १८९५ मधील सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. तेव्हापासून त्या भूमिकेत हे आव्हान रूढ झाले आहे. शाळेत नजरेचा बिंदू आरशातले स्वतःचे डोळे असू शकतात. नाट्यगृहात मात्र तो शोधावा लागतो. काही ठिकाणी प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर मध्यभागी त्यासाठी एक लहान दिवा लावतात.

सरावाने मेंदूही बदलतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९ बॅले नर्तकींची तुलना २० महिला नौकावल्हविणाऱ्या खेळाडूंशी केली. अंधारात फिरत्या खुर्चीत बसवून खुर्ची थांबवल्यावर ‘अजून फिरतो आहोत’ ही भावना नर्तकींमध्ये लवकर विरली. अंतर्कर्णाकडून येणाऱ्या संदेशांवर काम करणारा अनुमस्तिष्काचा एक भाग त्यांच्यात लहान आढळला. त्यांच्या मेंदूने या संदेशांना कमी महत्त्व द्यायला शिकून घेतले असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला. अशा जुळणीला मात्र काही वर्षांचा सराव लागतो. नव्या रंगमंचाशी जुळवून घ्यायला दौऱ्यात एखादी सकाळ मिळते. म्हणूनच प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावरच सराववर्ग घेणे आणि जागांची तालीम करणे याला फार महत्त्व आहे. गाडी उशिरा पोचली म्हणून हीच तालीम आखडती घेतली, तर विद्यार्थ्याला खोलीत शिकलेल्या अंदाजावर अनोळखी जमिनीत उडी मारावी लागते.

हाडांचा जमाखर्च

आतापर्यंत आपण एका उडीचा विचार केला. दौऱ्यात उड्या अनेक असतात, कधी दिवसाला एकाहून अधिक प्रयोग असतात. हाड ही जिवंत वस्तू आहे. भार वाढला की काही पेशी हाडाचा झिजलेला भाग आधी खरवडून काढतात आणि दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. खरवडायला काही आठवडे पुरतात, भरायला मात्र काही महिने लागतात. भार एकदम वाढला तर मधल्या काळात हाड कमजोर राहते आणि त्यात बारीक तडा जाऊ शकतो. बॅले नर्तकींमध्ये पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाच्या बुडाशी जाणारा तडा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. बोटांच्या टोकावर उभे राहताना तेथे मोठा ताण येतो.

येथे आहाराचा संबंध येतो. बारीक दिसण्याच्या दडपणाखाली मुली कमी खातात आणि त्याच वेळी दौऱ्यात ऊर्जेचा खर्च वाढतो. ऊर्जेची तूट टिकून राहिली की शरीर काही कामे थांबवते. मासिक पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडे भरण्याचे काम मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या अवस्थेचे वर्णन करताना ती मुलांमध्येही आढळते असे नमूद केले. हाडांचा बहुतेक भरणा विशीपर्यंत होतो. त्यामुळे सतराव्या वर्षी राहिलेली उणीव पुढे पूर्णपणे भरून काढणे कठीण जाते. पाळी बंद होणे ही मेहनतीची खूण नाही आणि पावलातले एकाच जागी दुखणे हे सहनशक्तीची परीक्षा नाही. हे विद्यार्थ्यांना दौऱ्याआधी स्पष्टपणे सांगणारी मोठी माणसे त्यांच्याभोवती असावी लागतात. मुख्य भूमिका हातची जाईल या भीतीने दुखणे लपवणारी मुलगी स्वतःहून बोलेलच असे नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. एका पायावर उभे राहून वेळ मोजा, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. नंतर दुमडलेल्या सतरंजीवर उभे राहून दोन्ही पुन्हा करा. डोळे आणि तळपाय यांच्या माहितीचा वाटा लक्षात येईल.

२. सुमारे १४० सेंटिमीटर लांब मजबूत फळीचे एक टोक ७ सेंटिमीटर जाडीच्या विटेवर ठेवा. हा साधारण ५ टक्के उतार झाला. आधी सपाट जमिनीवर आणि मग फळीवर उताराकडे, चढाकडे व आडवे तोंड करून चवड्यांवर उभे राहा. शेजारी एकाने आधाराला थांबावे आणि फळी सरकणार नाही याची खात्री करावी.

३. वर दिलेल्या सूत्रात थांबण्याचे अंतर ५, १० आणि २० सेंटिमीटर घालून बल किती पट होते ते काढा. उडी मारल्यावर गुडघे का वाकवावेत, याचे उत्तर विद्यार्थी स्वतः देतील.

दुसऱ्या प्रयोगात एक गोष्ट मुद्दाम पाहावी. फळीवर चार-पाच वेळा उभे राहिल्यावर बहुतेकांना ते बरेच सोपे जाऊ लागते, आणि त्यानंतर सपाट जमिनीवर आले की क्षणभर तीच तिरपी वाटते. शरीर नवी जमीन शिकते, पण त्यासाठी त्याला काही वेळा प्रयत्न करू द्यावे लागतात. दौऱ्यावर निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी पुरेसा वेळ, पुरेसा आहार आणि दुखते आहे असे सांगण्याची मोकळीक या तीन गोष्टींची तरतूद मोठ्यांनीच करायची असते.