स्वल्पविरामाचं ड्रॉइंग

भोसरी एमआयडीसीतल्या या वर्कशॉपची डिझाइनची खोली पोटमाळ्यावर आहे. खाली व्हीएमसी मशीनचा पहिला कट सुरू झाला की खिडकीच्या काचा वाजायला लागतात. इथं त्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

पडद्यावर ऑटोकॅडमध्ये एका ड्रिलिंग फिक्स्चरची बेस प्लेट उघडलेली आहे. डिझायनर मुलगी की-बोर्डवर तीन अक्षरं मारते, डीएलआय, म्हणजे डिमलिनियर कमांड, आणि मला वरच्या पट्टीकडे बघायला सांगते. लेयरचं नाव आपसूक 'डिम' झालंय, स्टाईलच्या चौकटीत वर्कशॉपच्या स्टाईलचं नाव आलंय. दोन टोकं टिपून ती माप ओढते. बाण, आकडा, बारीक एक्स्टेन्शन रेघा, सगळं ठरल्याप्रमाणे बसतं. कमांड संपते आणि लेयर परत मूळचा.

"लेयरसाठी कोड लागतच नाही," ती म्हणते. "डिमलेयर नावाचं सेटिंग २०१६च्या व्हर्जनपासून आहेच. स्टाईलसाठी मात्र लिस्प लिहावं लागलं."

लिस्प ती दाखवते. पानभरसुद्धा नाही. कुठलीही कमांड सुरू होताना ऑटोकॅड वर्दी देतं. हा तुकडा ती ऐकत बसलेला असतो. कमांडचं नाव 'डिम'ने सुरू होत असेल तर आधी वर्कशॉपची स्टाईल चालू करतो, मगच पुढे जाऊ देतो. फाइलचं नाव अकॅडडॉक. या नावाची फाइल प्रत्येक ड्रॉइंग उघडताना आपोआप लोड होते, मग ड्रॉइंग आपलं असो की बाहेरून आलेलं.

एवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज येतो. टूलरूमचे काका. एका हातात लेझरवर कापून आलेली प्लेट, दुसऱ्या हातात तिची प्रिंट, शर्टाच्या खिशात व्हर्नियर.

"हे कुणाचं ड्रॉइंग आहे गं?"

"गिऱ्हाइकाकडून आलेलं आहे, काका. मी नुसती प्रिंट काढली."

काका प्रिंट टेबलावर पसरतात. बॉलपेनने तीन-चार ठिकाणी गोल केलेले आहेत. गोलात ३७,२५ असं माप आहे. शेजारी १२,५. काका त्या स्वल्पविरामावर नख ठेवतात. "हा काय प्रकार? आपण हजार लिहितो तिथं टाकतात तो. त्यात आकडा असा बारीक, की चष्मा लावून बघावा लागतो."

प्रकार साधा आहे. ऑटोकॅडमध्ये मेट्रिक टेम्प्लेट घेतलं की आयएसओ-२५ ही स्टाईल आयती मिळते. आकड्याची उंची अडीच मिलिमीटर, बाण अडीचचा आणि दशांशाला स्वल्पविराम, कारण युरोपात बऱ्याच देशांत तीच रीत आहे. शीट १:२ने छापली आणि स्टाईलमधलं स्केल कुणी बदललं नाही, तर अडीचचा आकडा कागदावर सव्वा मिलिमीटरचा उतरतो. ज्याने हे ड्रॉइंग काढलं त्याने काहीच चुकीचं केलेलं नाही. त्याने काहीच केलेलं नाही, आणि माझ्या मते खोट तिथेच आहे. शॉपमध्ये कागद कोण वाचणार, कुठल्या उजेडात वाचणार, हे आयत्या स्टाईलला ठाऊक असायचं कारण नाही.

मुलगी मूळ फाइल उघडते. अकॅडडॉक लोड होतं, वर्कशॉपची स्टाईल आत येते. तिचं नाव तिने मुद्दाम वेगळं ठेवलंय. आयएसओ-२५ हेच नाव ठेवून आतली मापं बदलली असती, तर जुन्या ड्रॉइंगमध्ये आधीपासून असलेली त्याच नावाची स्टाईल शिरजोर ठरली असती आणि नवी बाहेरच राहिली असती. ती सगळी डायमेन्शन निवडते, नवी स्टाईल लावते. आकडे फुगतात, बाण मोठे होतात, स्वल्पविरामांच्या जागी टिंबं येतात. ३७.२५. १२.५. बघायला मजा येते, खरंच.

काकांना मजा येत नाही. ते व्हर्नियर काढतात, प्लेटच्या खाचेत जबडे उघडून लावतात आणि मुलीपुढे धरतात. ४७.६.

"कागदावर ४८ आहे," काका म्हणतात. "तुझ्या नव्या स्टाईलमध्येसुद्धा ४८च दिसतंय."

ती खुर्ची पुढे ओढते. त्या मापावर क्लिक करून प्रॉपर्टीज उघडते. 'टेक्स्ट ओव्हरराइड' या ओळीत ४८ हाताने टाइप केलेलं आहे. तो आकडा पुसताच डायमेन्शन खरं बोलतं, ४७.६. कुणीतरी खाच बदलायचा कंटाळा केला आणि नुसता आकडा बदलला. लेझरवाल्याला कागद जात नाही, फाइल जाते. त्याच्या मशीनने रेघ कापली. स्टाईल शंभरदा लावली तरी असला आकडा जागचा हलत नाही, कारण स्टाईलचा संबंध फक्त दिसण्याशी.

"हे शोधणारं लिस्प होईल?" मी विचारतो.

"होईल की. हाताने लिहिलेला मजकूर डायमेन्शनमध्ये वेगळ्या खणात असतो. तो खण भरलेला दिसला की त्या मापाला लाल रंग द्यायचा." ती बोलता बोलता लिहायलाही लागते. चार ओळींत काम होतं. फाइलभर आणखी दोन मापं लाल होतात. काका ती प्रिंटवर टिपून घेतात.

मग डॉवेलची भोकं. इथं मात्र तिने आपोआपचा हट्ट सोडलेला आहे. एम८च्या बोल्टसाठी ९चं मोकळं भोक चालतं, पण ८च्या डॉवेलचं भोक एच७ मागतं, म्हणजे शून्य ते अधिक ०.०१५. पडद्यावर दोन्ही नुसती वर्तुळं. कुठलं कशासाठी आहे हे कोडला कळत नाही, म्हणून तीन दशांशांच्या टॉलरन्स-स्टाईलसाठी तिने वेगळी कमांड ठेवलीय, डीएच. ती मारायची की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. मला हे पटतं.

ती गिऱ्हाइकाला फोन लावते. पलीकडून ४८च बरोबर असल्याचं सांगतात. ती खाच ताणून ४८ करते, माप सोबत सरकतं. प्रिंटरकडे हात जातो तसे काका अडवतात.

"आधी रिव्हिजन टाक. अंक मोठे केलेस, टिंबं दिलीस, ते ठीक. पण खाली दोन कागद झाले तर कुठला खरा?"

टायटल ब्लॉकमधल्या 'ए'चा 'बी' होतो. काका जुनी प्रिंट उभी-आडवी फाडतात आणि नवी शीट बाहेर यायची वाट बघत उभे राहतात.